ब्रेक सोडणारी पेटी

नगर जिल्ह्यात गाडीला काय झालंय हे मेकॅनिकच्या आधी पाच जण सांगतात. पाचांची निदानं पाच, उपाय मात्र एकच: ‘काय होत नाही, चालू द्या.’ जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण सल्ला देण्याची रीत अजून नगरीच आहे. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला, तेव्हा हा उपाय मला ठिकठिकाणी ऐकायला मिळाला. पंपावर पेट्रोल भरणारा पोरगा म्हणाला, नगर-मनमाड रोडनं आलात का, मग लागणारच. बँकेतल्या एका मित्राने बॅटरीची वायर काढून चहा पिऊन येऊन परत लावायला सांगितली. एका गॅरेजवाल्याने तर मेहेरबानीच्या सुरात विचारलं, “मीटर खोलून बल्ब काढून टाकू का? लाइट दिसणार नाही, डोक्याला ताप राहणार नाही.”

खरी पंचाईत अशी की गाडीला काहीच झालं नव्हतं. ब्रेक लागत होते, पहिल्यासारखेच लागत होते. ऑइलचा दिवा लागला तर माणूस घाबरून गाडी बाजूला घेतो, काटा लाल रेषेला टेकला की बॉनेट उघडतो. हा पिवळा दिवा मात्र फार सभ्य. रोज सकाळी चावी फिरवली की तो दोन-तीन सेकंद लागतो, सगळं ठीक असल्याची खात्री करून विझतो. विझला नाही तर त्याचा अर्थ एवढाच की गाडीतली एक वस्तू काम करत नाही, आणि ती काम करत होती हे तुम्हाला कधी कळलंच नव्हतं.

ती वस्तू आमच्या गाडीत आली तीही अशीच, नकळत. आता कायदा आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस लागतंच. आमची गाडी त्याआधीची. तेव्हा एबीएस वरच्या मॉडेलमध्ये मिळायचं आणि वरचं मॉडेल घ्यायचं की मधलं, हे मराठी घरात ब्रेकवरून ठरत नसे. आमच्याकडे ते मागच्या काचेच्या वायपरवरून ठरलं. वायपर हवा हा बायकोचा हट्ट होता, वायपर वरच्या मॉडेललाच होता, आणि त्याच्यामागून एबीएस घरात आलं. शोरूमच्या माणसाने ते ‘सेफ्टी फीचर’ म्हणून सांगितलं, आम्ही मान हलवली आणि सीट कव्हर फुकट मिळेल का ते विचारलं. पुढे प्रत्येक दसऱ्याला बॉनेटला झेंडूचा हार, स्टिअरिंगला कुंकू, चाकांखाली लिंबं असं सगळं यथासांग झालं. बॉनेटखाली कोपऱ्यात, बारीक लोखंडी नळ्यांच्या जंजाळात बसलेल्या त्या डब्याला मात्र कधी अक्षता मिळाली नाही.

ब्रेक या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द अण्णांचा. अण्णा म्हणजे वडील. एमआयडीसीत फिटर म्हणून उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या लहानपणी सायकलचे ब्रेक ही चैन होती. उतारावर चप्पल मागच्या टायरवर दाबायची, हीच पद्धत, आणि चपलेची टाच झिजली की घरी मार. मग लूना आली. तीही नगरचीच. कायनेटिकने १९७२ साली ती इथे बनवायला घेतली आणि पन्नास सीसीच्या त्या यंत्रावर नवरा, बायको, दोन पोरं आणि बाजाराची पिशवी असा ऐवज बसवून नगरकरांनी ब्रेक या कल्पनेची परीक्षाच घेतली. नंतर अण्णांनी भावाची जीप चालवली, पाथर्डीकडे जाताना करंजी घाट उतरवला, मुंबईला जाताना माळशेज उतरवला. (दोन्ही घाट एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, क्रमांक ६१. एकाच रस्त्याने माणसाला दोनदा देव आठवावा अशी सोय.) या सगळ्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं: ब्रेक दाबून धरायचा नाही. ठोके मारायचे. दाब, सोड, दाब, सोड. “दाबून धरला की चाक बसतं,” ते सांगायचे, “आणि चाक बसलं की गाडी तुझी नाही.”

दिव्याचं कारण शोधायला मी नागापूरच्या बाजूच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. पूर्वी मेकॅनिक बॉनेटला कान लावायचा, आता तो टॅबकडे बघतो. कोड आला यू ०१२१. या कोडांना आडनावासारखं पहिलं अक्षर असतं. पी म्हणजे इंजिन-गिअरकडचा, सी म्हणजे चासीचा, बी म्हणजे बॉडीचा आणि यू म्हणजे गाडीतल्या पेट्यांच्या आपसातल्या बोलण्याचा. यू ०१२१ चा अर्थ, एबीएसच्या पेटीकडून उत्तर येत नाही. ही तक्रार त्या पेटीने केलेली नसते, इंजिनाच्या आणि बाकीच्या पेट्यांनी केलेली असते: आम्ही हाका मारतोय, तिकडून आवाज नाही. भाऊबंदकीत एखादा काका बोलेनासा होतो तेव्हा नक्की काय बिनसलं हे काका सोडून सगळ्यांना विचारावं लागतं, तसलाच हा प्रकार.

पोरगा गुणी होता. त्याने लगेच ‘मोड्यूल गेलं’ म्हटलं नाही. आधी बॅटरीचं व्होल्टेज पाहिलं, मग एबीएसचे जाड फ्यूज, मग बॉडीला आवळलेली अर्थिंगची तार, मग कनेक्टर उघडून त्याच्या पिना. पिना हिरव्या पडल्या असत्या तर काम घासण्यावर भागलं असतं. “साहेब, निम्मी मोड्यूलं उगाच बदलतात लोक,” तो म्हणाला, “प्रॉब्लेम वायरीत असतो.” उसाच्या पट्ट्यात तर उंदीर हा वाहन उद्योगाचा जोडधंदाच आहे. फडाला तोड लागली की ते घरांकडे, गोठ्यांकडे आणि उभ्या गाड्यांच्या उबदार बॉनेटकडे वळतात, आणि चाकापर्यंत गेलेली सेन्सरची वायर त्यांना फार आवडते. पण आमची वायर शाबूत होती. फ्यूज शाबूत, अर्थिंग शाबूत. करंट पेटीपर्यंत पोचत होता आणि पेटी गप्प होती. तिच्या आत केसासारखे जोड असतात. वर्षानुवर्षांची इंजिनाची उष्णता आणि रस्त्याचे हादरे खाऊन ते सुटतात. कशामुळे सुटले हे पोराने सांगितलं नाही. नगर-मनमाड रोडवर संशय घेणं सोपं होतं, आम्ही तो घेतला.

आकडा ऐकून अण्णा खुर्चीत सरळ झाले. चाळीस हजारांच्या पुढे. “काय आहे काय त्याच्यात?” त्यांनी विचारलं. मी जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, तो चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. चारही आकडे पेटीकडे जातात. आपण जोरात ब्रेक दाबला आणि एखादं चाक इतरांपेक्षा भलतंच मंदावलं, म्हणजे बसायला निघालं, की पेटी त्या एका चाकाकडे जाणारा दाब अडवते. तेवढ्याने भागलं नाही तर थोडा दाब सोडून देते, चाक फिरायला लागलं की पुन्हा देते. हे सगळं सेकंदाला दहा-पंधरा वेळा होतं, आणि प्रत्येक चाकाचं वेगळं.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ठोकेच मारते.”

“हो.”

“मग एवढ्या पैशात मी जन्मभर तुझ्याशेजारी बसून सांगतो की, सोड म्हणून.”

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. एबीएस हा जास्त जोराने लागणारा ब्रेक आहे असा आपला समज असतो. खरं तर ते ब्रेक सोडणारं यंत्र आहे. समोर म्हैस आली की पाय दाबायला कुणाला शिकवावं लागत नाही. भीती ते काम चोख करते. अवघड आहे ते त्याच क्षणी सोडणं. घसरत नसलेल्या, फिरत्या टायरची रस्त्यावरची पकड पूर्ण बसलेल्या टायरपेक्षा जास्त असते, आणि महत्त्वाचं म्हणजे बसलेली पुढची चाकं कुठेही वळवा, गाडी सरळच जाते, म्हशीकडेच. हे अण्णांना ठाऊक होतं. पण अण्णांना एक पाय, आणि त्या पायाला चारही चाकं एकच. त्यांचा ठोका डाव्या पुढच्या चाकापुरता वेगळा पडत नाही.

हे शहाणपण आधी विमानांना सुचलं. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाक बसलं की टायर फाटायचा, म्हणून डनलॉपने १९५० च्या दशकात मॅक्सारेट नावाचं यांत्रिक साधन काढलं. मोटारीत चालेल असं इलेक्ट्रॉनिक रूप बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आणलं. आता असल्या पेट्या चाकणलाही बनतात. चाक लॉक होऊ द्यायचं नाही ही कल्पना, घरांना कुलूप न लावणारं शिंगणापूर जिल्ह्यात असताना, आम्हाला जर्मनीहून यावी याचं मात्र वाईट वाटतं.

पार्ट मागवला. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना आणायचा पर्यायही एकाने सुचवला होता, किंमत ऐकून मोहही झाला. पण जुनी पेटी आपल्या पहिल्या गाडीचा चासी नंबर डोक्यात घेऊन येते. त्या गाडीचं इंजिन वेगळं, टायर वेगळे, वजन वेगळं. नव्या घरचं सगळं पुन्हा तिच्यात कोडिंग करून भरावं लागतं आणि काही पेट्या ते भरून घेत नाहीत. तेव्हा नवीनच. पार्ट यायला वेळ होता आणि तोवर दिवा लागलेली गाडी मी चालवत होतो.

त्या काळात मी आयुष्यातलं सर्वोत्तम ड्रायव्हिंग केलं. पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवलं. उड्डाणपुलावरून उतरताना वेग आधीच कमी केला. भर गर्दीत माळीवाड्यापाशी रिक्षाला वाट दिली, तेव्हा रिक्षावाल्याने मागे वळून माझा नंबर पाहिला, बाहेरगावचा आहे का म्हणून. दिवा लागल्यापासून घरात कुणी मला ‘हळू’ म्हणालं नाही. म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींवर याच गोष्टीचा अभ्यास झाला होता. ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं, आणि बराच काळ नोंदी ठेवल्यावर दोन्हींच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. एबीएसवाले ड्रायव्हर जास्त अंगावर गाडी घालत होते, वळणं जास्त वेगाने घेत होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्चून टाकली. अण्णांना हे सांगितल्यावर ते इतके खूश झाले की म्युनिक कुठे आहे तेही त्यांनी विचारून घेतलं.

“मग कशाला बसवतोस? दिवाच राहू दे.”

मीही जवळजवळ त्याच मताला आलो होतो. पण शेजारचे काका व्हीआरडीईतून निवृत्त झालेत. संरक्षण खात्याची ही वाहनांची प्रयोगशाळा आमच्या नगरला आहे. रणगाड्यांचं शहर म्हणून नगरला लष्कराच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रामुळे आणि रणगाडा संग्रहालयामुळे ओळखतात, पण गाड्यांना मुद्दाम हाल करून तपासणारे लोकही इथेच राहतात, संध्याकाळी भाजी आणतात आणि कॉलनीतल्या कुणाच्याही गाडीचा आवाज ऐकून कपाळाला आठ्या घालतात. काकांनी वाद एका चाचणीने संपवला. एबीएस तपासताना एका बाजूची चाकं कोरड्या रस्त्यावर आणि दुसऱ्या बाजूची ओल्या, गुळगुळीत फरश्यांवर ठेवतात आणि करकचून ब्रेक लावतात. साधी गाडी चांगल्या पकडीच्या बाजूला गर्रकन फिरते. “असा ट्रॅक मुद्दाम बांधावा लागतो,” काका म्हणाले, “आपल्याकडे तो राहुरीच्या रोडला रोज असतो.”

हे मात्र खरं होतं. समोरून एसटी येते, रस्ता तिचा असतो, आपली डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात. उजवी चाकं डांबरावर, डावी मातीत. अशात समोर काही आलं तर? आणि गळीत हंगामात काही ना काही येतंच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून या जिल्ह्याचा हिवाळा उसाचा आहे. रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली. ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज मात्र गावभर, म्हणजे ट्रॉली दिसायच्या आधी ऐकू येते. आमच्याकडचा हा धोक्याचा इशारा म्हणायचा. शेतातून आलेल्या चाकांनी डांबरावर चिखलाचे पट्टे ओढलेले असतात. तिथे एका पायाचे ठोके कामाचे नाहीत, कितीही वर्षांचा पाय असला तरी.

काकांनी दुसरी बाजूही सांगितली, कारण निवृत्त तांत्रिक माणसाला अर्धं सत्य पचत नाही. सुट्या मुरमावर एबीएसची गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. बसलेलं चाक आपल्यापुढे मुरमाचा ढीग लोटतं आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाक फिरत ठेवतं, ढीग होऊ देत नाही. “म्हणजे वस्तीपर्यंत अण्णा, आणि हायवेला पेटी,” काका म्हणाले. या तहावर दोन्ही बाजू राजी झाल्या.

बदलण्याचं काम बघायला अण्णा स्वतः आले आणि खुर्ची मागून घेऊन बसले. आमच्या गाडीत पेटी आणि तिला चिकटलेला पंप-व्हॉल्व्हचा ठोकळा एकत्रच बदलायचा होता. म्हणजे सगळ्या नळ्या खोलायच्या. पोराने प्रत्येक नळीवर खूण केली, तोंडाला बुच लावलं, खाली जुनी सतरंजी अंथरली. ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात ते तेल नसतंच. ते रंगावर सांडलं तर रंग उचलून नेतं आणि त्याच्या जागी खरं तेल घातलं तर आतले रबर फुगून निकामी होतात. शिवाय ते हवेतला ओलावा पितं. डॉट ४ प्रतीचं नवं कोरं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालं की त्याची उकळी १५५ च्या आसपास येऊ शकते, आणि करंजी घाट उतरताना ब्रेक तापतात तेव्हा वाफेचा बुडबुडा नळीत झाला तर पेडल थेट फळीला जातं. आमचं जुनं निघालं ते चहाच्या रंगाचं होतं. अण्णांनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांविषयी एक वाक्य बोलले, ते इथे देत नाही.

नवा ठोकळा बसला, स्कॅनरने कोडिंग झालं, मग हवा काढणं. अण्णांना कामाला लावायचं म्हणून पोराने त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चाकाखाली गेला. खालून आवाज यायचा: “मारा... मारा... मारा... धरा! धरून ठेवा!” नट ढिला व्हायचा, बुडबुडे बाटलीत यायचे, नट आवळला जायचा, “सोडा!” उजवं मागचं, डावं मागचं, मग पुढची. मधेच पोराने स्कॅनरवरून ठोकळ्यातला पंप चालवला, कारण व्हॉल्व्हच्या आत अडकलेली हवा नुसत्या पायाने निघत नाही. बॉनेटखालून घरघर उठली आणि पेडल अण्णांच्या पायाखाली थरथरलं. त्यांनी पाय काढला नाही. “हे कोण मारतंय?” त्यांनी खिडकीतून विचारलं.

“तेच. ती पेटी,” पोरगा खालून म्हणाला. “रस्त्यावर असं झालं तर घाबरायचं नाही, दाबूनच ठेवायचं. लोक तिथंच पाय काढतात.”

जन्मभर ‘दाबून धरू नको’ सांगणाऱ्या माणसाला कुणीतरी दाबून ठेवायला सांगत होतं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, पण तो गाडीखाली असल्यामुळे वाचला.

एका अर्धवट प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊन ब्रेक मारून पाहिला. पेडलने ठोके दिले, गाडी वाकडी न होता थांबली, दिवा विझलेला. अण्णा म्हणाले, “माझा ठोका सावकाश असायचा. पण असाच.”

जुना ठोकळा त्यांनी हट्टाने घरी आणला आणि दुपारभर ओट्यावर बसून खोलला. आठ बारीक व्हॉल्व्ह निघाले, प्रत्येक चाकाला दोन, एक दाब अडवायला, एक सोडायला. ॲल्युमिनियममधली भोकं त्यांनी भिंगातून पाहिली आणि फिटरच्या हिशेबाने बराच वेळ मान डोलावली. काकांना बोलावून दाखवली, काकांनीही डोलावली. पुढे आठवडाभर तो ठोकळा टीव्हीशेजारी होता. बायकोने धूळ पुसताना त्याच्याकडे दोनदा बघितलं, तेव्हा भंगारवाल्याला हाक गेली.

भंगारवाल्याने ठोकळा हातात तोलला, प्लॅस्टिक ठोकून पाहिलं, मोटरीत तांबं किती असेल याचा अंदाज घेतला. “चालू आहे का बंद?”

“बंद. आणि चालू होता तेव्हा काय करत होता, ते यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं,” अण्णा आमच्याकडे हात करून म्हणाले.

“मग किलोवर घेतो,” म्हणत त्याने काटा काढला.